एजंटचा वकील, बँकेचा वकील आणि तुमचा वकील

पत्र :

नमस्कार. मी पुण्यात एका खासगी शाळेत शिक्षिका आहे. मिस्टर कारखान्यात नोकरीला आहेत. वडगाव बुद्रुकला आम्ही एक टू बीएचके पसंत केला आहे. १९९७ सालची इमारत, किंमत ६२ लाख. फ्लॅट विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर आहे. ते २०१९मध्ये गेले. मृत्युपत्र नाही, पण सोसायटीत मुलगा नॉमिनी आहे, त्यामुळे अडचण काही नाही असं एजंट म्हणतात. विकणाऱ्याची आई आहे, बहीण अमेरिकेत असते. तिचा होकार व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आम्ही पाहिला. माणसं फार सज्जन आहेत. आजीचं, म्हणजे वडिलांच्या आईचंही त्यांनी याच घरात शेवटपर्यंत केलं. त्या २०२१मध्ये गेल्या. आम्ही ५१ हजार रुपये मुलाच्या खात्यावर पाठवले आहेत. एजंट म्हणतात, पुढच्या आठवड्यात पाच लाख द्या आणि साठेखत करून टाकू. कागद त्यांचे वकील बघतील, शिवाय बँक तपासतेच. मला वाटतं आपला वेगळा वकील असावा. मिस्टर म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि वकिलाला द्यायचे पैसे फर्निचरला होतील. मी आजवर कधी वकिलाकडे गेलेले नाही. वकील कसा शोधायचा, फी कशी ठरवायची, पहिल्यांदा जाताना काय न्यायचं, काय विचारायचं? त्यांच्यासमोर आपण अगदीच अडाणी ठरू, अशीही धास्ती आहे.

— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर :

ताई,

आधी ते पाच लाख थांबवा. एजंटना सांगा, कागद आमच्या वकिलांना दाखवतोय, त्यांचा अहवाल आला की बोलू. त्यांचा आवाज चढला तरी खुलासे करत बसू नका. वकील लागतो तो पैसे देण्याआधी. पैसे गेल्यावर जो लागतो तोही वकीलच असतो, पण त्याचं काम वेगळं, फी वेगळी, आणि तुमच्या मिस्टरांना जी पायरी नको आहे ती नेमकी त्याच्याच बरोबर चढावी लागते.

मी वकील नाही. बँकेच्या गृहकर्ज विभागात फायली वाचण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे ‘बँक तपासतेच’ हे वाक्य मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने ऐकलेलं आहे. बँक तपासते, खोटं नाही. पण ती स्वतःचं कर्ज बुडू नये म्हणून तपासते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे तुमच्या ६२ लाखांत बँकेचे फार तर ४९ लाख ६० हजार. उरलेले १२ लाख ४० हजार तुमच्या घामाचे, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी. बँकेच्या पॅनेलवरचा वकील अहवाल लिहितो तो बँकेला. त्याची फी तुमच्याकडून घेतली जाते, तरी त्याचा अशील बँकच. तो अहवाल तुम्हाला वाचायला मिळेलच असंही नाही. आणि उद्या मालकीवरून वाद उभा राहिला, तरी हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो. घर वादात सापडलं म्हणून कर्ज सोडून दिलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

एजंटच्या वकिलाबद्दल मी वाईट बोलणार नाही. माणूस चांगलाही असेल. पण त्याला कामं येतात ती एजंटकडून, आणि एजंटला दलाली मिळते व्यवहार झाला तरच. ‘हे घर घेऊ नका’ असं सांगण्याची मोकळीक अशा वकिलाला कितपत असते, हे तुम्हीच ठरवा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी थांबले, ते तुम्ही कौतुकाने लिहिलंत. आजीचं वाक्य.

कुटुंब हिंदू आहे असं धरून लिहिते, कारण धर्माप्रमाणे वारसाचा कायदा बदलतो. वडिलांनी फ्लॅट स्वतःच्या कमाईतून, एकट्याच्या नावे घेतला असेल आणि मृत्युपत्र न करता ते गेले असतील, तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस एकाच वेळी, सारख्या हिश्शाने येतात. पत्नी, मुलगा, मुलगी. आणि मृताची आई. ही शेवटची वारस भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही. २०१९मध्ये आजी हयात होत्या. म्हणजे मुलगा गेला त्याच दिवशी या फ्लॅटचा चौथा हिस्सा त्यांचा झाला, मग कुठल्या दप्तरी त्याची नोंद असो वा नसो. पुढे २०२१मध्ये त्या गेल्या. त्यांनीही मृत्युपत्र केलं नसेल आणि आजोबा आधीच वारलेले असतील, तर तो चौथा हिस्सा त्यांच्या सगळ्या मुलामुलींमध्ये वाटला जातो; आधी गेलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांकडे. थोडक्यात, विकणाऱ्याला काका किंवा आत्या असतील, तर तेही या फ्लॅटचे सहमालक आहेत. समजा एक काका आणि एक आत्या आहे. दोघांचा प्रत्येकी बारावा हिस्सा. ६२ लाखांचा बारावा हिस्सा म्हणजे ५ लाख १६ हजारांहून थोडा अधिक. एजंट पुढच्या आठवड्यात मागताहेत, जवळपास तेवढाच.

यात कुणी तुम्हाला फसवतंय असं मी म्हणत नाही. त्या मुलाला स्वतःलाही हे ठाऊक नसण्याची शक्यता जास्त. आत्यांना तर आपल्या नावे पुण्यात काही आहे याची कल्पनाही नसेल. ती पाच वर्षांनी त्यांच्या मुलाला येईल, आणि तेव्हा त्या घरात तुम्ही राहत असाल.

नॉमिनीचं म्हणाल, तर नॉमिनी मालक नसतो. संस्थेने कुणाशी व्यवहार ठेवायचा, एवढाच त्याचा अर्थ. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळं प्रकरण घातलं, त्यातलं १५४ब-१३ हे कलम तर नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’च म्हणतं, खरे वारस सभासद होईपर्यंत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘आमची काही हरकत नाही’ असं लेटरहेडवर दिलं, तरी त्याने मालकी सिद्ध होत नाही.

बहिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या होकाराची कायद्याच्या दृष्टीने किंमत फारशी नाही. तिला एक तर विक्रेती म्हणून दस्तात यावं लागेल, स्वतः किंवा कुलमुखत्यारपत्र देऊन. नाहीतर आपला हिस्सा हक्कसोडपत्राने सोडावा लागेल. ते हक्कसोडपत्र नोंदवलेलंच हवं. नोटरीसमोर स्टॅम्पपेपरवर सही करून दिलेल्या हक्कसोडपत्राने स्थावर मालमत्तेतला हक्क सुटत नाही. १९०८च्या नोंदणी कायद्याचं १७वं कलम तिथे आडवं येतं. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र असेल तर ते भारतीय वकिलातीतून साक्षांकित किंवा अ‍ॅपॉस्टिल (तिथल्या सरकारचं प्रमाणीकरण) करून आणतात, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. शिवाय विक्रेत्यांत अनिवासी व्यक्ती असली की तुम्ही विक्रेत्याच्या रकमेतून कापून सरकारला भरायच्या कराचं, म्हणजे टीडीएसचं, गणितच बदलतं. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर निवासी विक्रेत्याचा एक टक्का कापायचा असतो, हे पुष्कळांना माहीत असतं. अनिवासी विक्रेत्याला तो एक टक्क्याचा नियम लागूच होत नाही, आणि कापायची रक्कम बरीच मोठी असते. कमी कापला तर आयकर खातं तुम्हाला विचारतं, तिला नाही. हा भाग सीएचा आहे, पण बहीण अमेरिकेत असते हे वकिलाला पहिल्या दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत सांगा.

तुम्हाला कसला वकील हवा, हे एवढ्यावरून ठरतंच. नात्यातला, ओळखीतला कुणी मोटार अपघाताचे दावे किंवा चेक बाउन्सच्या केसेस चालवत असेल, तर त्याच्याकडे चहाला जा, फाइल घेऊन जाऊ नका. तुम्हाला टायटल, म्हणजे मालकी, तपासणारा, दस्त करणारा, आणि वारसाहक्काची गुंतागुंत उलगडता येणारा दिवाणी वकील पाहिजे. तोही पुण्यातलाच. पुणे शहरातली दुय्यम निबंधक कार्यालयं ‘हवेली’ या नावाने क्रमांकवार आहेत. कुठल्या साली कुठल्या हवेलीत वडगावचे दस्त नोंदले जात, जुनी सूची कुठे बघायची, हे रोज तिथे उठबस असणाऱ्यालाच चटकन समजतं.

शोधायचा कसा? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे, त्यामुळे फलक, पत्रकं, ‘शहरातले पहिले दहा’ वगैरे याद्या यांवर जाऊ नका. शाळेतल्या कुणी गेल्या दोन-तीन वर्षांत वारसांचा फ्लॅट घेतला असेल तर त्यांना विचारा. नुसता फ्लॅट नव्हे, वारसांचा. मिस्टरांच्या कारखान्यात पतपेढी असेल तर तिचे कायदे सल्लागार असतातच. तुमचे किंवा शेजाऱ्यांचे सीए हा आणखी एक चांगला रस्ता, कारण दस्त नीट झाला की नाही हे त्यांना विवरणपत्र भरताना दिसतं. नोंदणी कार्यालयाच्या दारात ‘मॅडम, दस्त करायचाय का’ म्हणणारे टायपिंग उत्तम करतात. त्यांना वकील समजू नका.

दोन-तीन नावं मिळाली की फोनवरच एक गोष्ट विचारून घ्या: या एजंटचं, या विक्रेत्याचं किंवा या बिल्डरचं काम तुम्ही करता का? ‘हो’ म्हणाले तर आभार मानून पुढच्या नावाला फोन लावा. सनद (वकिलीचा परवाना) कुठल्या बार कौन्सिलची, हे विचारायलाही लाजू नका. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची असते, आणि खऱ्या वकिलाला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता फी. आकडा मी सांगणार नाही, कारण कर्वे रस्त्यावरच्या ऑफिसात आणि शिवाजीनगर कोर्टासमोरच्या एका खोलीत तो सारखा नसतो, आणि महागडा तोच चांगला असंही नसतं. पण फी कशाकशाची, हे सुटं सुटं विचारा. पहिल्या भेटीची वेगळी आहे का, आणि काम दिलं तर ती पुढच्या फीत धरणार का. शोध अहवालाची (जुने दस्त तपासून मालकीबद्दल दिलेल्या अहवालाची) किती, त्यात सरकारी शोध फी धरली आहे का. जाहीर नोटिशीचा, म्हणजे ‘कुणाचा हक्क असेल तर कळवा’ अशा सूचनेचा, वर्तमानपत्राचा खर्च कुणाचा. साठेखत आणि खरेदीखताचा मसुदा करण्याची, किंवा समोरच्या वकिलाने केलेला मसुदा तपासण्याची किती. नोंदणीच्या दिवशी स्वतः येणार, की ज्युनिअरला पाठवणार. हे सगळं एका कागदावर किंवा निदान ईमेलवर घ्या, आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा. काही जण किमतीच्या अर्धा टक्का वगैरे सांगतात आणि तेही व्यवहार पूर्ण झाल्यावर. वरवर सोयीचं वाटतं. मला ते पटत नाही, कारण मग व्यवहार व्हावा यात एजंटइतकाच त्यांचाही रस गुंततो. ‘घेऊ नका’ असं सांगितलं तरी ज्याची फी बुडणार नाही, असा माणूस बघा.

लेखी घेण्याचा आग्रह मी करते त्याला आणखी एक कारण आहे. मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. काम बिघडलं म्हणून ग्राहक आयोगात जाता येणार नाही. गैरवर्तन असेल तर तक्रार बार कौन्सिलकडे करायची. त्यामुळे नेमकं कोणतं काम सोपवलं होतं, याचा कागद तुमच्याजवळ असलेला बरा. (कुणा वाचकभगिनीला फी परवडतच नसेल, तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, मदतीचा क्रमांक १५१००.)

भेटीच्या तयारीत सगळ्यात उपयोगी पडेल तो एक साधा कागद, आणि तो तुम्हीच लिहायचा आहे. फळ्यावर लिहिता तसा, तारीखवार. वडिलांनी फ्लॅट कधी घेतला, कुणाकडून, ताबा कधी, कर्ज होतं का, कधी फिटलं, ते कधी गेले, आजी कधी गेल्या, तुम्ही घर कधी पाहिलं, कोण काय म्हणालं, ५१ हजार कधी, कुठल्या खात्यात. त्याच्या खाली घराण्याची छोटी वंशावळ काढा: आजोबा-आजी, त्यांची सगळी मुलंमुली, हयात की मयत, कुठे राहतात, कुणाची मुलं किती. लग्न होऊन गेलेल्या मुली विसरू नका, त्याच हमखास गाळल्या जातात. ही माहिती विक्रेत्याकडून गप्पांच्या ओघात काढणं तुम्हाला जमेल; आजीचं तुम्हाला असंच तर कळलं. वकिलाच्या टेबलावर हा कागद ठेवलात की ‘आम्ही ना, गणपतीच्या आधी एक घर बघितलं...’ पासून सुरू होणारी पाऊण तासाची हकिगत वाचते.

मग कागदपत्रं. तुमच्याजवळ आज जे आहे ते सगळं न्या: ५१ हजारांचा व्यवहार दाखवणारं खात्याचं पान, एजंटशी झालेल्या संदेशांच्या प्रिंट, बँकेचं मंजुरीपत्र आलं असेल तर ते, दोघांची पॅन आणि आधार. विक्रेत्याकडून झेरॉक्स मागायच्या त्या अशा: वडिलांचा बिल्डरबरोबरचा करारनामा, सगळ्या पानांसकट, नोंदणीच्या पावतीसह, त्याचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा सारांश उतारा), बिल्डरचं ताबापत्र, महापालिकेचा भोगवटा दाखला, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पुढची आणि मागची बाजू, वडिलांचा आणि आजींचा मृत्यू दाखला, कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं निरंक पत्र, मिळकत कराची आणि वीजबिलाची ताजी पावती. करारनाम्याच्या पहिल्या पानावर खरेदीदार म्हणून नेमकं कुणाचं नाव आहे ते घरीच बघा. वडिलांबरोबर आईंचंही असेल, तर वर मांडलेले हिस्से सगळे बदलतील. आणि १९९७चा करार पूर्ण मुद्रांकाचा, नोंदवलेला आहे ना, हेही. जुन्या दस्ताचा मुद्रांक कमी पडलेला असला तर तुटीवर दरमहा दोन टक्क्यांनी दंड चढत राहतो, आणि तो कुणी भरायचा यावर व्यवहार अडतात.

मूळ कागद मात्र विक्रेत्याचे विक्रेत्याकडेच राहू द्या. ते वकिलाने एकदा डोळ्यांनी पाहिले पाहिजेत, ही गोष्ट वेगळी, आणि फार महत्त्वाची. ‘मूळ करारनामा हरवलाय, प्रमाणित प्रत आहे’ असं उत्तर आलं तर तेवढ्यावर समाधान मानू नका. मूळ दस्त तारण ठेवून कर्ज काढता येतं. त्यामुळे कागद हरवला आहे की कुठल्या पतसंस्थेच्या कपाटात आहे, हे शोधावं लागतं. वकील त्यासाठी पोलिसांतल्या तक्रारीची प्रत, जाहीर नोटीस, सर्सायच्या (तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) नोंदणीतला शोध वगैरे सांगतील.

प्रत्यक्ष भेटीत पहिली दहा मिनिटं त्यांना तुमचा कागद वाचू द्या. चांगला वकील वाचताना मध्येच प्रश्न विचारतो. ‘आजोबा कधी वारले?’ असं त्याने आपणहून विचारलं, तर तुम्ही योग्य दारात आलात असं समजायला हरकत नाही. विचारलंच नाही, तर तुम्ही विचारा: या फ्लॅटवर आज कुणाकुणाचा हक्क आहे, आणि दस्तावर कुणाकुणाच्या सह्या लागतील? माझ्या मते सगळ्या भेटीतला हा मुख्य प्रश्न आहे. उत्तरात माणसांची नावं आली पाहिजेत, ‘सगळं बघून घेऊ’ नव्हे.

त्यापुढे शोधाचं विचारा. शोध किती वर्षांचा घेणार? तीस वर्षांचा घेण्याचा प्रघात आहे, आणि तुमची इमारत १९९७ची असल्यामुळे जमिनीचा इतिहासही त्यात यायला हवा: बिल्डरने जमीन कुणाकडून घेतली, सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीला देणारा दस्त) झालं की सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर अजून जुन्याच मालकाचं नाव आहे. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या शोध घेता येतो, पण जुन्या दस्तांसाठी कार्यालयात जाऊन सूची चाळावी लागते. ते काम बहुतेक ठिकाणी सर्च क्लार्क करतो, त्यात गैर काही नाही. अहवालावर सही मात्र वकिलाची हवी आणि शेवटी ‘टायटल स्पष्ट व निर्वेध’ किंवा ‘अमुक अटींवर स्पष्ट’ असं निःसंदिग्ध मत हवं. जाहीर नोटीस द्यायची का, हेही विचारा. माझं मत विचाराल तर तुमच्या बाबतीत नक्की द्यावी, आणि काका-आत्या जिथे राहतात तिथे वाचल्या जाणाऱ्या मराठी दैनिकात द्यावी. कुणी न वाचणाऱ्या पेपरात, आतल्या पानावर बारीक टायपात दिलेली नोटीस फायलीत लावायच्या उपयोगाची.

घर कुणाच्या नावावर घ्यायचं, हा प्रश्नही त्याच बैठकीत काढा. महाराष्ट्रात निवासी घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ६२ लाखांवर ६२ हजार. दोघांच्या नावे घेतलं की ती मिळत नाही. बँक त्याला तयार आहे का, वारसाच्या दृष्टीने तुम्हाला काय सोयीचं, हे दोघांनी मिळून ठरवायचं. पण दस्ताच्या आदल्या रात्री नव्हे. (मिस्टरांच्या फर्निचरचा प्रश्न कदाचित इथेच सुटेल.)

वकिलापासून काही लपवू नका. तुम्ही लिहिलं नाहीत, पण जुन्या घरांच्या व्यवहारात ‘थोडे रोखीत द्या’ ही सूचना साधारण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत येते. आली असेल तर सांगून टाका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि दिलेल्या रोखीचा पुरावा तुमच्याकडे काय राहणार? अशिलाने सांगितलेली गोष्ट वकिलाला बाहेर सांगता येत नाही, हे संरक्षण कायद्यानेच दिलं आहे. अर्थात बेकायदा गोष्ट कशी करायची याचा सल्ला मागितलात, तर ते संरक्षण तिथे संपतं.

अडाणी ठरण्याच्या धास्तीचं काय करायचं? ताई, तुम्ही वर्गात असं मूल पाहिलंच असेल, ज्याला समजलेलं नसतं आणि ते मान डोलावतं. तसं करू नका, एवढंच. ‘निर्वेध’ म्हणजे काय, ‘इंडेम्निटी’ कशासाठी, विचारा, लिहून घ्या, पुन्हा विचारा. जो वकील साध्या मराठीत सांगू शकत नाही किंवा ‘ते तुम्हाला नाही कळायचं’ म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. मिस्टरांना बरोबर न्याच. घरी येऊन तुम्ही त्यांना समजावण्यापेक्षा त्यांनी स्वतः ऐकलेलं चांगलं, आणि एकाने बोलावं, दुसऱ्याने लिहावं, हे बरं पडतं. एजंटला मात्र नेऊ नका, त्याने गाडीतून सोडतो म्हटलं तरी. आणि त्या बैठकीत कोऱ्या कागदावर किंवा वकालतनाम्यावर सही करायची गरज नाही. वकालतनामा कोर्टातल्या कामाला लागतो, तुमचं काम तपासणीचं आहे.

माझा अंदाज असा की हा व्यवहार होऊ शकेल, पण एजंटच्या वेळापत्रकाने नाही. आई, मुलगा, बहीण, आणि असतील तर काका-आत्या, सगळे विक्रेते म्हणून आले किंवा बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्रं करून दिली, की अडचण दूर होते. वकील कदाचित न्यायालयाकडून वारस दाखला आणायला सांगतील. अमेरिकेतले कागद यायचे, शोध व्हायचा, नोटिशीची मुदत संपायची; यात काही महिने जातात. बँकेच्या मंजुरीची मुदत त्या हिशेबाने बघून ठेवा. एजंट ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणाले तर म्हणू देत. त्या गिऱ्हाइकालाही काका-आत्यांच्या सह्या लागतीलच. आणि एखादा वारस सही द्यायला तयारच नसेल, तर घर कितीही आवडलेलं असो, सोडा. बाराव्या हिश्शाच्या मालकाबरोबर राहायची हौस कुणाला असते?

५१ हजारांच्या पावतीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही; ती नसेल, तर हे तेवढं आजच दुरुस्त करा. एजंटला नव्हे, ज्याच्या खात्यावर पैसे गेले त्या मुलाला संदेश पाठवा. मजकूर साधारण असा: ‘नमस्कार. अमुक तारखेला तुमच्या खात्यावर पाठवलेले ५१,००० रुपये हे आपल्या वडगाव बुद्रुक येथील फ्लॅटच्या खरेदीपोटी विसार म्हणून आहेत. आमच्या वकिलांच्या तपासणीत मालकी स्पष्ट न आढळल्यास किंवा सर्व वारसांच्या सह्या न मिळाल्यास ही रक्कम पूर्ण परत करावी, असं आपलं ठरलं आहे. कृपया मिळाल्याचं आणि मान्य असल्याचं कळवावं.’ असं अजून बोलणं झालेलं नसेल तर आधी फोन करून ठरवा, मग पाठवा. उत्तर आलं की प्रिंट काढून त्या तारीखवार कागदाच्या मागे लावा. दोन दिवसांत आलं नाही, तर वकिलांना पहिल्या भेटीत आधी तेच सांगा.